आमिष झालेलं आरमार

६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकिनाडा या बंदरांवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. नुकसान फार मोठं नव्हतं, पण पूर्व किनाऱ्यावर त्याने जी घबराट पसरली तिला तोड नव्हती. विशाखापट्टणमला त्या वेळी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीचा जहाजबांधणी कारखाना उभा राहत होता. २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती. या हल्ल्याने त्या कामाची घडी विस्कटली. तिथलं पहिलं जहाज, ‘जलउषा’, पाण्यात उतरायला १९४८ साल उजाडलं. मद्रासमध्ये तर सरकारने लोकांना शहर सोडायला सांगितलं. बॉम्बहल्ल्यात पिंजरे फुटून हिंस्र जनावरं गावात सुटतील, या भीतीने तिथल्या प्राणिसंग्रहालयातली जनावरं गोळ्या घालून मारण्यात आली.

ही विमानं ‘र्‍युजो’ नावाच्या एका लहान विमानवाहू जहाजावरून उडाली होती, आणि र्‍युजो ज्या ताफ्यात होती त्याचा सेनापती होता व्हाइस ॲडमिरल जिसाबुरो ओझावा. दुसऱ्या महायुद्धातलं जपानी नौदल म्हटलं की आपल्याकडे यामामोतोचं नाव निघतं, पर्ल हार्बरचा विषय असेल तर नागुमोचं. ओझावाचं नाव क्वचितच कानावर येतं. मला मात्र तो त्या दोघांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. जपानी नौदल का हरलं, हे त्याच्या पाच वर्षांच्या कामगिरीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुणाच्याही नाही.

ओझावाचा जन्म १८८६चा, क्युशू बेटावरच्या मियाझाकी प्रांतातला. १९०९ मध्ये तो नौदल प्रबोधिनीतून बाहेर पडला, तोही पहिल्या-दुसऱ्या क्रमांकाने नव्हे, मधल्या फळीतून. अंगाने उंच, चेहरा उग्र. जपानी देवळांच्या छपरांवर कोपऱ्यात राक्षसी तोंडाची कौलं बसवतात, त्यांचंच नाव सहकाऱ्यांनी त्याला ठेवलं होतं. शिक्षण पाणतीरांचं, नोकरी विनाशिका, क्रूझर आणि युद्धनौकांवरची. विमानाशी त्याचा संबंध उशिरा आला. नोव्हेंबर १९३९ मध्ये विमानवाहू जहाजांच्या पहिल्या तुकडीचं नेतृत्व त्याच्याकडे आलं तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती.

त्या काळी जपानी नौदलाची सगळी विचारसरणी १९०५च्या त्सुशिमाच्या लढाईवर उभी होती. त्या लढाईत ॲडमिरल तोगोने रशियाचं आरमार एका झटक्यात बुडवलं होतं. पुढचं युद्धही असंच एका निर्णायक लढाईत संपेल, अवाढव्य तोफांच्या युद्धनौका समोरासमोर येतील आणि निकाल लागेल, असा सर्वांचा पक्का समज. विमानवाहू जहाजांकडे काम होतं ते फक्त टेहळणीचं आणि साहाय्याचं. म्हणून ती दोन-दोनच्या तुकड्यांत वेगवेगळ्या ताफ्यांना जोडून दिलेली असत.

ओझावाच्या लक्षात आलं की ही मांडणीच चुकीची आहे. विमानवाहू जहाज स्वतः फार नाजूक असतं. पोटात पेट्रोल, डेकवर बॉम्ब, आणि चिलखत बेताचं. बचावात ते कमकुवतच ठरतं. त्याची खरी ताकद म्हणजे त्याची विमानं, आणि तीसुद्धा एकाच वेळी मोठ्या संख्येने शत्रूवर तुटून पडली तरच. दहा-वीस विमानांचे हल्ले शत्रू परतवू शकतो, पण दीडशे विमानं वेगवेगळ्या उंचीवरून आणि दिशांनी एकदम आली तर त्याच्या तोफा आणि लढाऊ विमानं अपुरी पडतात. यासाठी सगळी जहाजं एका सेनापतीच्या हाताखाली हवीत आणि त्यांच्या वैमानिकांचा सराव एकत्र व्हायला हवा. जून १९४० मध्ये ओझावाने हे लेखी मांडलं. संयुक्त आरमाराचा प्रमुख यामामोतो सुरुवातीला त्याला अनुकूल नव्हता, तेव्हा ओझावाने टिपण थेट नौदलमंत्र्यांकडे पाठवलं. जपानी नौदलाच्या शिस्तीत ही लहान गोष्ट नव्हती, आणि यामामोतोला ती रुचलीही नाही. पण मुद्दा बिनतोड होता. १० एप्रिल १९४१ रोजी पहिलं हवाई आरमार स्थापन झालं. आठ महिन्यांनी सहा विमानवाहू जहाजांनी एकत्र येऊन पर्ल हार्बरवर जो घाव घातला, तो याच मांडणीतून.

त्या आरमाराचं सेनापतिपद मात्र ओझावाला मिळालं नाही. ते मिळालं चुइची नागुमोला. नागुमो प्रबोधिनीत त्याच्या एक वर्ष पुढे होता, आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत तेवढं पुरेसं होतं. विमानांचा अनुभव नागुमोकडे जवळजवळ नव्हता. सेवाज्येष्ठतेचा नियम शांततेच्या काळात भांडणं टाळतो हे खरं. पण युद्धाच्या तोंडावर जपानी नौदलाने तो मोडला नाही, हा माझ्या दृष्टीने त्याचा मोठा दोष.

ओझावाची रवानगी दक्षिणेला झाली. डिसेंबर १९४१ मध्ये मलायावर उतरणाऱ्या जपानी सैन्याची जहाजं सुखरूप किनाऱ्याला लावणं हे त्याचं काम. कोटा भारूच्या किनाऱ्यावर त्या सैन्याला आधी अडवलं ते हिंदी सैन्यातल्या डोग्रा पलटणीने. ही जहाजं बुडवायला सिंगापूरहून ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन प्रचंड ब्रिटिश युद्धनौका निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री जपानी विमानांनी अंधारात एका मोठ्या जहाजावर प्रकाशगोळे सोडले. हल्ला होणार एवढ्यात कळलं की ते जहाज ब्रिटिशांचं नाही, खुद्द ओझावाचं ‘चोकाई’ आहे. दुसऱ्या दिवशी, १० डिसेंबरला, इंडोचीनमधल्या तळांवरून आलेल्या विमानांनी दोन्ही ब्रिटिश युद्धनौका बुडवल्या. भर समुद्रात, मोकळेपणी हालचाल करत असलेल्या युद्धनौका केवळ विमानांनी बुडवण्याची ती पहिलीच वेळ.

मग आला एप्रिल १९४२. नागुमो पाच विमानवाहू जहाजं घेऊन हिंदी महासागरात शिरला. ५ एप्रिलला त्याने कोलंबोवर आणि ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला चढवला. ब्रिटिशांचं ‘हर्मिस’ हे विमानवाहू जहाज आणि दोन मोठ्या क्रूझर बुडवल्या. त्याच वेळी ओझावाने र्‍युजो, सहा क्रूझर आणि काही विनाशिका एवढ्या बळावर बंगालच्या उपसागराचा समाचार घेतला. ब्रिटिशांनी कलकत्ता बंदरातली व्यापारी जहाजं सुरक्षिततेसाठी बाहेर काढली होती. ती किनाऱ्या-किनाऱ्याने, बहुतेक संरक्षणाविना, दक्षिणेकडे चालली होती. ओझावाने आपल्या ताफ्याचे तीन भाग केले, उत्तर, मध्य आणि दक्षिण, आणि ६ एप्रिलच्या सकाळी तिघांनाही ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्यालगत मोकळं सोडलं. या मोहिमेत त्याने तेवीसच्या आसपास व्यापारी जहाजं बुडवली, एकूण एक लाख टनांहून अधिक. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर त्या काळी हजारो हिंदी खलाशी राबत. डेकवर रत्नागिरीकडचे आणि भटारखान्यात गोव्याचे लोक असणं ही नित्याची गोष्ट होती. महायुद्धाच्या आपल्या इतिहासात या माणसांची नोंद फार त्रोटक आहे, ती नीट व्हायला हवी.

काही काळ बंगालच्या उपसागरातली जहाज वाहतूक जवळपास थांबली. ब्रिटिश आरमाराचा सेनापती सॉमरव्हिल याने आपली वेगवान जहाजं मुंबईला आणली, संथ युद्धनौका थेट आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोंबासाकडे पाठवल्या. हिंदुस्थानचा पूर्व किनारा उघडा पडला होता. जपानने हाच दबाव आणखी सहा महिने टिकवला असता तर ब्रिटिशांची फार मोठी कोंडी झाली असती, असं मला वाटतं. पण त्सुशिमाचं गारूड कायम होतं. मालवाहू जहाजं बुडवणं हे नौदलाला दुय्यम काम वाटायचं; निर्णायक लढाई हवी होती ती अमेरिकेशी. नागुमोची जहाजं माघारी गेली, आणि जूनमध्ये मिडवेजवळ नागुमोची चार विमानवाहू जहाजं एका दिवसात कामी आली.

नोव्हेंबर १९४२ मध्ये अखेर विमानवाहू आरमार ओझावाच्या हाती आलं. दीड वर्ष उशिरा.

या उशिराचा अर्थ समजायला वैमानिकांकडे पाहावं लागतं. युद्धाच्या सुरुवातीला जपानचे नौदल वैमानिक जगात अव्वल होते, पण संख्येने थोडे. निवड अत्यंत कडक, प्रशिक्षण लांबलचक. आणि एकदा आघाडीवर गेलेला वैमानिक मरेपर्यंत किंवा जायबंदी होईपर्यंत तिथेच राहायचा. अमेरिकन नौदल आपल्या मुरलेल्या वैमानिकांना परत बोलावून शाळांमध्ये शिकवायला बसवत होतं. एकाचा अनुभव शंभरांना मिळत होता. जपानमध्ये तो अनुभव वैमानिकाबरोबर समुद्राच्या तळाशी जात होता. एप्रिल १९४३ मध्ये यामामोतोने ओझावाची विमानं जहाजांवरून उतरवून रबौलच्या जमिनीवरच्या तळांवरून लढवली. नोव्हेंबरमध्ये यामामोतोनंतर आलेल्या कोगाने तेच पुन्हा केलं: १७३ विमानं पाठवली, त्यांपैकी १२१ परत आली नाहीत. समुद्रावरच्या डेकवरून उडायला आणि उतरायला शिकलेली माणसं जमिनीवरच्या लढायांत अशी खर्ची पडली, आणि सेनापती ओझावा रिकाम्या जहाजांसह मागे राहिला.

तरीही त्याने नव्याने जमवाजमव केली. मार्च १९४४ मध्ये पहिलं फिरतं आरमार उभं राहिलं, आणि त्यात ‘यामातो’सारख्या युद्धनौकाही विमानवाहू जहाजांच्या सेनापतीच्या हुकमतीखाली आल्या. १९४० मध्ये हे कुणाला पटलं नसतं. पण नव्या वैमानिकांचं शिक्षण कुणाचं सहा महिन्यांचं, कुणाचं अवघं दोन-तीन महिन्यांचं. समोरच्या अमेरिकन वैमानिकाची तयारी दोन वर्षांची. आरमाराचा मुक्काम बोर्निओजवळच्या ताविताविला, कारण तेलाच्या विहिरी जवळ होत्या. तिथे ना सरावाला धावपट्टी होती, ना जहाजांना मोकळ्या समुद्रात जाता येत होतं; बाहेर अमेरिकन पाणबुड्या टपलेल्या. आधीच कच्चे असलेले वैमानिक महिनाभर विमानात बसलेच नाहीत.

१९ जून १९४४ची फिलिपीन समुद्राची लढाई ओझावाने आखली ती या सगळ्याची जाणीव ठेवून. त्याच्याकडे नऊ विमानवाहू जहाजं आणि सुमारे साडेचारशे विमानं. अमेरिकेची पंधरा जहाजं आणि नऊशेच्या वर विमानं. मग जमेची बाजू कोणती? जपानी विमानांना चिलखत नव्हतं, गोळी लागली तर स्वतःहून बुजणाऱ्या टाक्या नव्हत्या, त्यामुळे ती हलकी होती आणि जास्त लांब उडायची. ओझावाने ठरवलं की अमेरिकन विमानं पोचू शकणार नाहीत इतक्या अंतरावरून मारा करायचा, आणि विमानांनी परतताना गुआम बेटावर उतरून पेट्रोल भरायचं. वाराही त्याच्या बाजूने होता. विमानवाहू जहाजाला विमानं उडवताना वाऱ्याच्या तोंडाला जावं लागतं. वारा पूर्वेचा, म्हणजे ओझावा शत्रूकडे जाता-जाता विमानं उडवू शकत होता, अमेरिकनांना मात्र त्यासाठी पाठ फिरवावी लागत होती. कागदावर ही योजना देखणी होती. अमेरिकन टेहळणीच्या आधी त्याच्या विमानांनी शत्रू शोधलाही.

पण बेटांवरच्या ज्या विमानांवर तो विसंबून होता ती आधीच नष्ट झाली होती, आणि तिथल्या सेनापतीने, काकुताने, खरी परिस्थिती त्याला कळवली नाही. शिवाय जपानच्या मूळ योजनेची कागदपत्रं मार्च-एप्रिलमध्ये फिलिपिन्समध्ये कोसळलेल्या एका विमानातून गनिमांच्या मार्फत अमेरिकनांच्या हाती पोचली होती.

त्या दिवशी ओझावाच्या स्वतःच्या जहाजावर, ‘ताइहो’वर, जे घडलं ते पाहण्यासारखं आहे. ताइहो नवंकोरं, बॉम्ब पेलू शकेल असा पोलादी डेक असलेलं जपानचं पहिलं विमानवाहू जहाज. सकाळी आठच्या सुमारास ते विमानं उडवत असताना ‘अल्बाकोर’ या अमेरिकन पाणबुडीने सहा पाणतीर सोडले. नुकतंच उड्डाण केलेल्या साकिओ कोमात्सु या वैमानिकाला त्यांतला एक पाण्यात दिसला. त्याने विमान सरळ त्यावर घातलं आणि जहाजावरचा तो घाव स्वतःवर घेतला. पण दुसरा एक पाणतीर लागलाच. जहाज थांबलं नाही, वेगही फारसा कमी झाला नाही. विमानं वर आणणारी लिफ्ट अर्ध्यात अडकली तेव्हा त्या खड्ड्यावर फळ्या टाकून उड्डाणं पुन्हा सुरू झाली. मात्र आत पेट्रोलच्या टाक्यांना तडे गेले होते. वाफ साचू लागली. ती बाहेर घालवावी म्हणून एका अधिकाऱ्याने सगळे वायुमार्ग उघडायला लावले, आणि ती वाफ बाहेर जाण्याऐवजी जहाजभर पसरली. दुपारी अडीचच्या सुमारास एका ठिणगीने पोलादी डेक आतून फुगून वर आला. जहाजाबरोबर बुडण्याच्या इराद्यात असलेल्या ओझावाला त्याच्या अधिकाऱ्यांनी कसंबसं दुसऱ्या जहाजावर नेलं. त्याआधीच ‘शोकाकु’ दुसऱ्या पाणबुडीच्या पाणतीरांनी बुडालं होतं. पर्ल हार्बरवर गेलेल्या सहा जहाजांपैकी आता एकच उरलं, ‘झुइकाकु’.

आकाशात तर कत्तलच झाली. ओझावाने चार लाटांत विमानं पाठवली. अमेरिकन रडारने ती दीडशे मैलांवरूनच टिपली आणि लढाऊ विमानं आधीच उंचावर जाऊन थांबली. कच्चे जपानी वैमानिक हल्ल्याआधी रचना जुळवण्यासाठी घिरट्या घालत राहिले. शत्रूला तेवढा वेळ पुरला. पहिल्या लाटेतल्या ६९ विमानांपैकी ४२ पडली, दुसरीतली जेमतेम पाव परतली. दुसऱ्या दिवशी अमेरिकन विमानांनी आणखी एक जहाज, ‘हियो’, बुडवलं. रात्री ओझावाच्या सगळ्या आरमारावर उडण्याजोगी विमानं उरली होती ३५. त्याने राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही.

ऑक्टोबर १९४४ मध्ये अमेरिकन फौजा फिलिपिन्समधल्या लेयते बेटावर उतरल्या, तेव्हा ओझावाकडे चार विमानवाहू जहाजं होती, पण त्यांवर मिळून शंभराहून थोडीच जास्त विमानं. नव्याने तयार केलेले वैमानिकही फॉर्मोसाच्या हवाई लढाईत आधीच खर्ची पडले होते. अशा आरमाराचा उपयोग काय? जपानने ठरवलं, आमिष म्हणून. ओझावाने उत्तरेकडून यायचं, अमेरिकेच्या हॅल्सीच्या प्रचंड ताफ्याला आपल्यामागे ओढून न्यायचं, आणि तेवढ्यात दुसरा जपानी सेनापती कुरिता याच्या युद्धनौकांनी मोकळ्या झालेल्या सान बर्नार्दिनोच्या सामुद्रधुनीतून येऊन लेयतेच्या आखातातली अमेरिकन वाहतूक जहाजं फोडायची. युद्धानंतर अमेरिकन अधिकाऱ्यांपुढे जबानी देताना ओझावाने स्पष्ट सांगितलं की आपला संपूर्ण नाश होणार हे धरूनच तो निघाला होता.

आमिषाला शत्रूच्या नजरेस पडावं लागतं, आणि नेमकं तेच जमेना. ओझावाने धूर सोडला, रेडिओवर मुद्दाम संदेश पाठवले, २४ ऑक्टोबरला ७६ विमानं हल्ल्यावर धाडली. अखेर संध्याकाळच्या सुमारास अमेरिकन विमानांनी त्याला शोधलं. हॅल्सीने ६५ जहाजं घेऊन उत्तरेकडे धाव घेतली आणि सामुद्रधुनीच्या तोंडाशी एकही जहाज ठेवलं नाही. हॅल्सीला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ओझावाकडे विमानं नाहीत हे त्याला कळायला मार्ग नव्हता. विमानवाहू जहाजं दिसली की तीच शत्रूची मुख्य ताकद, हे तर त्याला युद्धाने शिकवलेलं होतं. गंमत नाही, शोकांतिकाच आहे ही: १९४०चा ओझावाचा धडा शत्रूने इतका पक्का गिरवला होता की त्याच्याच जोरावर ओझावा त्याला चकवू शकला.

२५ ऑक्टोबरला दिवसभर त्याच्यावर हवाई हल्ले झाले. झुइकाकु कलंडू लागलं तेव्हा तिरक्या डेकवर उभं राहून खलाशांनी उतरणाऱ्या नौदल ध्वजाला सलामी दिली. ते छायाचित्र आजही उपलब्ध आहे. चारही विमानवाहू जहाजं बुडाली. ओझावा ‘ओयोदो’ या क्रूझरवर गेला, आणि रात्री मागे राहिलेल्या एका विनाशिकेवर हल्ला झाल्याचं कळल्यावर पुन्हा दक्षिणेकडे वळला. त्याच्या सतरा जहाजांपैकी दहा जपानला परतली.

आणि कुरिता? त्याच्यासाठी वाट खरोखरच मोकळी झाली होती. सकाळी समार बेटाजवळ त्याला भेटली ती सहा लहान विमानवाहू जहाजं आणि त्यांच्या मूठभर विनाशिका. त्यांनी जिवावर उदार होऊन झुंज दिली. हॅल्सी जाळ्यात सापडल्याचा ओझावाचा संदेश कुरितापर्यंत पोचलाच नाही. त्याला वाटलं, समोर अमेरिकेचं मुख्य आरमारच आहे, आणि तो माघारी वळला. चार विमानवाहू जहाजं आणि हजारो माणसं देऊन विकत घेतलेली संधी काही तासांत वाया गेली. लेयतेच्या लढाईत जपानच्या सगळ्या सेनापतींमध्ये दिलेलं काम तंतोतंत पार पाडणारा ओझावा एकटाच.

ओझावाला १९४१ मध्येच हे आरमार मिळालं असतं तर युद्ध जपानने जिंकलं असतं, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेचे कारखाने ज्या वेगाने जहाजं आणि विमानं तयार करत होते, त्याला कोणत्याही सेनापतीकडे उत्तर नव्हतं. पण जपानकडे नव्या युद्धाची समज नव्हती, हा समज खोटा आहे. ती समज नौदलात होती, लेखी मांडलेली होती, आणि स्वीकारलीही गेली होती. कमी पडली ती माणसं घडवण्याची आणि घडलेली माणसं जपण्याची व्यवस्था.

मे १९४५ मध्ये ओझावा संयुक्त आरमाराचा प्रमुख झाला, तोगो आणि यामामोतोच्या खुर्चीतला शेवटचा. तेव्हा आरमारात लढाऊ जहाजं नावापुरती होती आणि त्यांना हलवायला तेलही नव्हतं. या पदाबरोबर येणारी पूर्ण ॲडमिरलपदाची बढती त्याने नाकारली. ९ नोव्हेंबर १९६६ रोजी टोकियोत त्याचं निधन झालं.